घाव घालण्याआधी
माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते तेव्हा दिघीत आम्ही वारकऱ्यांसाठी चुलीवर पिठलं करतो. सरपण वळवाच्या वाऱ्यात पडून वाळलेल्या बाभळी-सुबाभळीचं. 16 इंची चेन सॉ जाड बुंध्यात अडकते, म्हणून 22 इंची घ्यायची आहे. दुकानदार ताकद सांगतो. मी आधी चेन ब्रेक बघतो.

पण मन वेगळ्याच ठिकाणी अडतं. कुऱ्हाडीच्या दोन घावांमध्ये फांदीवरचं घरटं दिसायचं, हात थांबायचा. यंत्र तेवढी उसंत देत नाही. मग जीवदया कुणी पाळायची? माझ्या मते चालवणाऱ्यानंच, यंत्र सुरू करण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारून. शहरात उभं झाड तोडायला 1975 च्या कायद्यानं परवानगी लागते. पडलेल्या खोडातल्या खारीची काळजी आपणच घ्यायची. मंडळींनो, अन्नदानाचं सरपण आणताना एवढं कराच.