प्रोफाईल म्हणजे एका बाजूचा चेहरा

'प्रोफाईल' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो लिंक्डइनवर नाही, अण्णांच्या तोंडून. अण्णा जालना एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये होते. भट्टीतून लालभडक बिलेट निघतं, रोलच्या खाचांमधून बारीक होत जातं आणि शेवटी सळई बाहेर येते ती अंगावर तिरप्या रिब्ज घेऊनच. त्या आकाराला अण्णा प्रोफाईल म्हणायचे. रिब नीट उठली नाही तर काँक्रीट सळईला घट्ट धरत नाही.

मी इंजिनिअर झालो आणि तोच शब्द माझ्या डेटाबेसमधल्या टेबलाचं नाव झाला. लग्नाच्या साईटवर प्रोफाईल, बँकेत रिस्क प्रोफाईल, बातम्यांत हाय प्रोफाईल केस. मूळ इटालियन शब्दात 'फिलो' म्हणजे धागा आहे. धाग्यासारख्या रेषेने काढलेली बाह्यरेषा ती प्रोफाईल. पुढे अर्थ रुळला तो बाजूने दिसणारा चेहरा. १८८०च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांतल्या बर्तिलाँने आरोपींचा एक फोटो समोरून आणि एक बाजूने, अशी पद्धत बसवली. बाजूच्या फोटोत आपण माणसाकडे बघतो, तो आपल्याकडे बघू शकत नाही.

गेल्या वर्षी मी एका कारखान्यासाठी गेटवरचं ॲप लिहिलं. मागणी आली : कंत्राटी कामगाराच्या प्रोफाईलमध्ये 'वस्ती' हा रकाना हवा आणि ठरावीक वस्त्यांपुढे लाल खूण. भंगार चोरीला जातं म्हणून. मी अर्ध्या तासात करून दिलं. आठवड्याभरात एक पोरगा गेटवरून परत गेला. त्याने काहीच केलं नव्हतं. त्याची वस्ती पारध्यांची होती.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात नोंद झालेल्या जमातीतलं मूल जन्मतःच संशयित. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. मी तो अर्ध्या तासात पुन्हा लिहिला, तोही रिव्ह्यूमध्ये एकही कॉमेंट न येता.

वॉचमनची अडचण खोटी नाही. शिफ्ट सुटताना प्रत्येकाला नीट ओळखायला त्याला वेळ नसतो. आपणही अनोळखी माणसाला अंदाजानेच जोखतो. मग चूक नक्की कुठे?

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "सळईची ताकद प्रोफाईल बघून कळत नसती. तुकडा कापून मशीनवर तुटेपर्यंत ओढावा लागतो."

"पण सगळ्या सळया कुठं ओढता तुम्ही?"

"एका हीटचं लोखंड एकसारखं असतं रे. म्हणून नमुना चालतो."

माझी चूक तिथेच होती. माणसं एका हीटची नसतात. एकाची चोरी दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही, मग ते एकाच गल्लीत का राहत असेनात. सळईची रिब स्वतः काँक्रीटला धरते, तो आकारच काम करतो. पत्ता काही चोरी करत नाही.

नोंद ठेवायचीच असेल तर माणसाने स्वतः काय केलं त्याची ठेवावी. ती त्याला दिसावी आणि 'हे खोटं आहे' म्हणायची जागा त्याला असावी. म्हणजे निदान त्याचा चेहरा आपल्याकडे वळेल.

तसा बदल मी लिहून पाठवला आहे. मंजुरी अजून आलेली नाही. तो पोरगाही परत आलेला नाही.