ताट तसेच का राहिले?

"त्यांनी कधी सांगितलेच नाही, मग आम्हांला कसे कळणार?" घरात किंवा मंडळीत एखाद्याचे दुःख फार उशिरा उघडकीस आले म्हणजे हे वाक्य हमखास कानी पडते. ते खोटे नसते. पण ते पुरेसे आहे काय? न सांगितलेल्या दुःखाची जबाबदारी आपल्यावर येते काय, याचा थोडा विचार करू.

1 शमुवेलच्या पहिल्या अध्यायात एका कुटुंबाची हकिकत आहे. एलकाना दरवर्षी सहकुटुंब शिलोला उपासनेस जाई. यज्ञ झाला की सर्वांना वाटे मिळत. त्या सणाच्या जेवणात हन्ना रडत असे, जेवत नसे. तिला मूल नव्हते आणि सवत पनिन्ना त्यावरून तिला डिवची. हे वर्षानुवर्षे चालले होते. तेव्हा हन्नाचे दुःख झाकलेले होते असे कसे म्हणावे? ते ताटात दिसत होते, डोळ्यांत दिसत होते.

एलकानाने ते पाहिले. त्याचे प्रेम खरे होते. त्याने कारणही विचारले. पण त्याच दमात, मी तुला दहा मुलांहून अधिक नाही काय, असे म्हणून मोकळा झाला. दुःख तिचे, बोलणे मात्र त्याच्याविषयी झाले! पुढे एली याजकाने तिचे नुसते हलणारे ओठ पाहिले आणि ही मद्य प्याली आहे असे ठरवून टाकले. पाहिले दोघांनीही, पण जे पाहिले त्याचा अर्थ आपल्याला कळला आहे, असे दोघांनीही धरून चालले.

आपल्या घरांत याहून निराळे काय घडते? आजी दोन घास खाऊन उठतात, आपण म्हणतो, "वय झाले." सूनबाई गप्प गप्प असते, "स्वभावच तसा." मुलगा दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहतो, "आळशी झाला आहे." खूण दिसलेली असते, पण तिला एक नाव दिले की आपला विचार तेथेच थांबतो. याची किंमत लहान नाही. सरकारी नोंदीप्रमाणे 2022 साली भारतात 1,70,000 हून अधिक लोकांनी आत्महत्या केली. त्यांतील स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. रोज घरातल्यांना वाढून देणाऱ्या या स्त्रिया होत्या.

एलीची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. "तसे नाही," असे हन्नाने सांगताच त्याने आपला हेका सोडला, तिचे ऐकले आणि तिला शांतीने निरोप दिला. मग हन्ना जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. शमुवेल अजून जन्मास यायचा होता! परिस्थिती तीच होती. पण देवापुढे मन मोकळे झाले होते आणि एका माणसाने तिचे म्हणणे खरे मानले होते.

याचा अर्थ दुसऱ्याच्या मनात डोकावत फिरावे, किंवा कोणाची गुप्त गोष्ट प्रार्थनेच्या निमित्ताने सभेत मांडावी, असा नव्हे. शब्बाथ शाळेत नेहमी सुवर्णवचन मोठ्याने म्हणणारे मूल तीन रविवार गप्प असेल, तर वर्गासमोर विचारू नये. वर्ग सुटल्यावर सतरंजी गुंडाळताना त्याला हाताशी घ्यावे, एक साधा प्रश्न विचारावा आणि थांबावे. उत्तर त्या दिवशी न आले तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारावे. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर त्याला एकटे सोडू नये. प्रार्थना करावीच, पण डॉक्टरांकडेही न्यावे. 2022 पासून 14416 या क्रमांकावर सरकारची मोफत 'टेली मानस' सेवा आहे, तीही पाठ करून ठेवावी.

"सांगितले नाही" असे म्हणण्याचा अधिकार, ज्याने विचारले आणि उत्तरासाठी वाट पाहिली, त्यालाच आहे. आज रात्री कौटुंबिक प्रार्थनेस बसण्यापूर्वी आपण एकमेकांच्या चेहऱ्यांकडे एकवार नीट पाहू या.