विरळ कणांची ओळ

एका ओळीत सरकणाऱ्या कणांना पुढे-मागे जाता येते, पण एकमेकांना ओलांडता येत नाही. म्हणून सुरुवातीला लागलेला क्रम कायम राहतो; डोंबिवलीत शेअर रिक्षाच्या रांगेत लागलेला नंबर टिकतो, तसाच. मात्र क्रम टिकला म्हणजे रचना जमली असे नाही. कण सारख्या अंतरावर थांबून स्फटिकासारखी मांडणी करतील का, या प्रश्नाचे उत्तर बराच काळ ‘नाही’ असेच दिले गेले.

१९२५ मध्ये अर्न्स्ट आयसिंग यांनी चुंबकांची साखळी आपोआप एका दिशेला वळत नाही, हे गणिताने दाखवले. १९३६ मध्ये लुई टाँक्स यांनी एका रेषेतल्या कठीण कणांचा दाब अचूक काढला. कोणत्याही घनतेला हा वायू गोठत नाही. १९५० मध्ये लेओन व्हान होव्ह यांनी हाच निष्कर्ष जवळच्या अंतरापुरत्या बलांसाठी व्यापक केला. कारण साधे आहे. पृष्ठभागावर एक दुवा तुटला तर वळसा घालता येतो. रेषेत तो तुटला की दोन्ही बाजूंचा संबंधच संपतो.

खरी कलाटणी विरळपणाच्या विचाराने दिली. विरळ कण मोकळे, त्यांना एकमेकांची फिकीर नाही, असे सहज वाटते. १९३४ मध्ये युजीन विग्नर यांनी इलेक्ट्रॉनांबाबत याच्या उलट मांडले. दोन इलेक्ट्रॉनांमधले अंतर दुप्पट केले तर प्रतिकर्षणाची ऊर्जा निम्मी होते, पण त्यांच्या पुंज हालचालीची ऊर्जा चौथाईवर येते. अंतर दहापट केले तर एक दहावा भाग, दुसरी शंभरावा. म्हणजे घनता जितकी कमी, तितकी प्रतिकर्षणाची सत्ता मोठी, आणि कण शक्य तितके दूर राहण्यासाठी जागा धरून बसतात. हा या विषयातला सर्वांत सुंदर हिशेब म्हणावा लागेल. विग्नर यांचा विचार त्रिमितीय होता. रेषेत ही मांडणी पूर्ण पक्की होत नाही, पण दूरवर जाताना तिचा नियमितपणा अंतराच्या कोणत्याही घातापेक्षा मंदपणे विरतो, असे हाइन्झ शुल्झ यांनी १९९३ मध्ये दाखवले. २०१९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील गटाने कार्बन नलिकेत ओळीने बसलेल्या मोजक्या इलेक्ट्रॉनांचे चित्रच मिळवले.

वाहत्या कणांचा प्रश्न निराळा, आणि त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. दीपक धर यांनी १९८७ मध्ये एकाच दिशेने उड्या मारणाऱ्या कणांचे प्रारूप हान्स बेथे यांच्या रीतीने सोडवले: वर्तुळाकार ओळ चौपट लांब केली की ती स्थिरावायला आठपट वेळ लागतो. १९९७ मध्ये गौतम त्रिपाठी आणि मुस्तनसिर बर्मा यांनी वाटेत विखुरलेल्या मंद जागांचा परिणाम तपासला. अशा प्रवाहात दाट आणि विरळ असे दोन मोठे भाग पडू शकतात. समतोलातल्या रेषेत हे घडत नाही. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याला मेट्रोच्या कामाचे पत्रे लागून वाट अरुंद झाली, की हेच डोळ्यांना दिसते. अडथळ्यामागे बंपरला बंपर लागतो, पुढे रस्ता मोकळा. प्रवाह स्थिरावल्यावर मात्र दोन्ही भागांतून दर मिनिटाला सारखीच वाहने जातात.