अहिंसाव्रती घर आणि मांजराचे ताट

मांस न शिजणाऱ्या घरात मांजर पाळले तर त्याला काय खायला घालावे, हा प्रश्न वरवर स्वयंपाकघरातला वाटतो. प्रत्यक्षात तो धर्मविचारातला आहे. ज्या घराने जीवहत्या टाळण्याचे व्रत घेतले, त्या घराने दुसऱ्या जिवाच्या मांसावरच जगणारा प्राणी सांभाळायचा कसा? जैन, ब्राह्मण, लिंगायत, माळकरी अशा अनेक घरांत ही अडचण रोजची आहे. तिच्यावर बहुतेक ठिकाणी एकच तोडगा काढला जातो: दूध-पोळी, नाहीतर दूध-भात. मांजर ते खाते, निदान काही दिवस तरी खाते, आणि घरातल्या माणसांचे समाधान होते.

मांजराच्या शरीराचे मात्र समाधान होत नाही. कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे राहून पिष्टमय अन्न बऱ्यापैकी पचवू लागला. मांजर धान्याच्या कोठारांपाशी आले ते धान्यासाठी नव्हे, धान्यावर आलेल्या उंदरांसाठी. त्यामुळे माणसाच्या सहवासात येऊनही त्याची पचनसंस्था शिकाऱ्याचीच राहिली. टॉरीन नावाचे द्रव्य माणसाचे शरीर स्वतः तयार करते. मांजराला ते पुरेसे करता येत नाही, आणि ते मुख्यतः मांस-मासळीतच मिळते. टॉरीन तुटले की डोळ्यांचा पडदा झिजतो व मांजर आंधळे होते. हृदयाचा स्नायू ढिला पडून फुगतो. टॉरीन आणि हृदयविकार यांचा हा संबंध १९८७ मध्ये स्पष्ट झाला, आणि त्यानंतर तयार मांजरखाद्यात टॉरीनचे प्रमाण वाढवण्यात आले. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ बनवणे मांजराला जमत नाही. अराकिडोनिक आम्ल हे आवश्यक स्निग्धाम्लही त्याला प्राण्यांपासूनच घ्यावे लागते. उपाशी असतानाही त्याचे यकृत प्रथिने जाळतच राहते. म्हणून दोन-चार दिवस मांजराने तोंडाला अन्न लावले नाही, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. गोडाची चव त्याला कळतच नाही, कारण ती ओळखणारा जनुक मांजरकुळात निकामी झालेला आहे. दूध हे मांजराचे अन्न असल्याची समजूत तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पिल्लूपण सरल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, आणि वाटीभर दुधाचा परिणाम जुलाबात दिसतो.

म्हणजे दूध-पोळीवर ठेवलेले मांजर अहिंसक झालेले नसते. ते सावकाश आजारी पडत असते. त्याच्या ताटातली हिंसा टळलेली दिसते तेव्हा ती त्याच्याच देहात उतरलेली असते.

अहिंसेचा सर्वांत सूक्ष्म विचार ज्या जैन परंपरेने केला, तिने ही बाजू नजरेआड केलेली नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणारे दोष, सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. पाचवा अतिचार येथे महत्त्वाचा. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत त्याचा अर्थ गाई-गुरांना भूक-तहानेची पीडा देणे असा दिला आहे. हात न उगारता, केवळ आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाला त्याचे अन्न न देऊनही व्रत मलिन होते, असा याचा आशय. गाईपुढे गवत न टाकणे हा अतिचार असेल, तर मांजरापुढे गवताच्या जातीचे अन्न टाकणे त्याहून फार वेगळे म्हणता येणार नाही. पोट भरलेले दिसते, पण भूक शिल्लक राहते.

त्याच परंपरेत दुसऱ्या बाजूचाही इशारा आहे, आणि तो तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवा. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असलेले १५ व्यवसाय सांगितले. त्यांतला एक म्हणजे असतीपोषण. पैसा मिळवण्यासाठी जे प्राणी पाळू नयेत त्यांत पोपट, मैना, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्याबरोबर मांजराचे नाव आले आहे. निषेध धंद्याचा आहे, दारात आलेल्या भुकेल्या पिल्लाला सांभाळण्याचा नाही. तरी त्यातून प्रश्नाची खरी जागा दिसते. मांजराला काय घालावे हा प्रश्न दुसरा. मांजर मुळात घरात आणावे का, हा पहिला. ज्याला पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे द्यायचे आहे त्याला परंपरेचा भक्कम आधार आहे. पण एकदा ‘हो’ म्हटल्यावर दुसऱ्या प्रश्नात पळवाट उरत नाही.

मांस विकत आणणाऱ्याचा दोष किती, यावर भारतीय धर्मग्रंथांत एकवाक्यता नाही. मनुस्मृती अनुमती देणाऱ्यापासून विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांना मारणाऱ्याच्याच पंक्तीला बसवते. बौद्ध विनयात भिक्षूसाठी वेगळी कसोटी आहे: आपल्यासाठी प्राणी मारलेला दिसला, ऐकला किंवा तशी शंका आली तर ते मांस निषिद्ध. तसे नसेल तर भिक्षेत आलेले चालते. पहिला विचार बाजाराची सारी साखळी पाहतो, दुसरा कर्त्याचा हेतू. महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध तिसरीच गोष्ट ध्यानात आणून देतो. तो मांस विकतो, पण स्वतः मारत नाही आणि स्वतः खातही नाही. कौशिक ब्राह्मणाला तो सांगतो की नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात. त्याचे म्हणणे हिंसेला परवाना देणारे नाही. संपूर्ण निर्दोष घास या जगात कोणालाच मिळत नाही, म्हणून किती आणि कशासाठी याचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवावा, एवढे ते सांगते.

मांजराच्या बाबतीत हा हिशेब करता येतो. बाजारातल्या तयार मांजरखाद्यात बहुधा माणसाच्या आहारासाठी कापलेल्या जनावरांचे व मासळीचे, माणूस खात नाही असे भाग वापरलेले असतात. केवळ मांजरासाठी कोंबडी कापून घेण्यापेक्षा हा मार्ग दोषाने हलका, आणि आहार म्हणूनही अधिक भरवशाचा, कारण त्यात टॉरीन, जीवनसत्त्वे, चुना-स्फुरद यांचे प्रमाण बसवलेले असते. नुसती उकडलेली कोंबडी रोज घातली तर चुना कमी पडतो, नुसती कलेजी घातली तर जीवनसत्त्व ‘अ’ वाढून हाडे बिघडतात. सुकटीतले मीठ आणि कच्च्या मासळीची सवय, दोन्ही टाळावीत. कांदा-लसूण घातलेले काहीही मांजराला विषासारखेच.

पूर्ण वनस्पतिजन्य खाद्यात कारखान्यात बनवलेले टॉरीन मिसळून मांजर जगवता येते का, हा हल्लीचा प्रश्न. टॉरीन प्रयोगशाळेत तयार होते, आणि तयार खाद्यांत बहुतेक ठिकाणी तेच असते, ही गोष्ट खरी आहे. असे खाद्य देणाऱ्या मालकांची आपली मांजरे ठीक असल्याची निवेदनेही आहेत. पण मालकाचे निवेदन म्हणजे रक्ततपासणी नव्हे, आणि अनेक वर्षांचे काटेकोर प्रयोग अजून तुटपुंजे आहेत. शिवाय वनस्पतिजन्य आहाराने लघवीचा आम्लपणा कमी होऊन खडे होण्याचा धोका वाढतो. बोक्याची लघवी अडली तर दोन दिवसांत प्राण जातो. व्रत घरातल्या माणसाचे आणि धोका मांजराचा, ही वाटणी न्यायाची नाही. ज्याला तो मार्ग धरायचाच असेल त्याने पशुवैद्याच्या देखरेखीखाली, ठराविक काळाने लघवी-रक्त तपासून आणि बिघाड दिसताच माघार घेण्याच्या तयारीनेच धरावा.

मांजराच्या तपस्येची एक जुनी कथा महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. गंगेच्या काठी हात वर करून उभा राहिलेला बोका धर्मात्मा म्हणून नावाजला जातो, उंदीर त्याच्या आश्रयाला येतात आणि एकेक करून नाहीसे होऊ लागतात. सातव्या शतकातल्या मामल्लपुरमच्या भव्य शिल्पपटावर हात उभारलेले मांजर आणि त्याच्या पायाशी उंदीर कोरलेले आजही दिसतात. स्मृतिकारांनी ढोंगी धार्मिकाला बैडालव्रतिक हे नावच देऊन टाकले. या कथेत दोष कशाचा आहे ते नीट पाहायला हवे. मांजर उंदीर खाते यात दोष नाही. ते न खाण्याचा देखावा करते यात आहे. कथेतले मांजर स्वतःहून तपस्वी झाले होते. दूध-पोळीच्या घरातले मांजर तर बळेच तपस्वी केले जाते, आणि देखावा माणसाचा असतो. व्रताला संकल्प लागतो, संकल्पाला विवेक लागतो. मांजराला दोन्ही नाहीत. म्हणून त्याचे मांस खाणे पाप नव्हे आणि त्याचे मांस न खाणे पुण्यही नव्हे.

महाराष्ट्राच्या संतकथांत दयेची कसोटी फार स्वच्छ आहे. एकनाथांनी काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, असे सांगतात. त्या कथेत कावड कोणत्या कामासाठी होती हे मोजले गेले नाही. गाढवाला काय हवे होते ते मोजले गेले. देणाऱ्याच्या संकल्पाला मुरड पडली तेव्हाच ती दया झाली. मांजराच्या ताटाला लावायचे माप हेच आहे.

ताटानंतर येतो मोकळेपणाचा प्रश्न. पूज्यपादांनी ‘बंध’ या अतिचाराचा अर्थ, इष्ट ठिकाणी जाण्यापासून अडवणे, असा केला आहे. या अर्थाने फ्लॅटमध्ये कोंडलेले प्रत्येक मांजर बंधात आहे. इस्लामी हदीसमध्ये मांजर डांबून मारणाऱ्या स्त्रीला नरकाची शिक्षा सांगितली आहे, आणि तिचा अपराध दुहेरी आहे: तिने स्वतः खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडे-जीव खायला मोकळेही सोडले नाही. पण मोकळे सोडणेही निर्दोष नाही. बाहेर गाड्या आहेत, कुत्री आहेत, रेबीज आहे. आणि पोट भरलेले मांजरही पक्षी, खार, पाल मारतेच, कारण शिकारीची ऊर्मी भुकेवर अवलंबून नसते. अहिंसेच्या बाजूने पाहिले तर शहरात मांजर घरात ठेवणेच योग्य ठरते. मात्र त्या बंधाची भरपाई करणे मग पाळणाऱ्याचे कर्तव्य होते. खिडकीला जाळी लावून तिच्यापाशी उंचावर बसायची जागा, नखे ओरबाडायला सुतळी गुंडाळलेला खांब, लपायला खोका, आणि रोज दोन-तीन वेळा दोरीला बांधलेल्या पिसामागे धावण्याचा दहा मिनिटांचा खेळ. हा खेळ चैन नाही. ज्याची शिकार माणसाने काढून घेतली त्याला शिकारीची कृती तरी परत देणे आहे. शौचाचा ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक असावा आणि रोज साफ व्हावा. पाण्याचे भांडे ताटापासून दूर ठेवावे. कोरड्या दाण्यांत पाणी १० टक्क्यांच्या आसपासच असते आणि मांजराला तहान कमी लागते, म्हणून काही खाणे ओले द्यावे.

छेदाचा प्रश्न नसबंदीने उभा राहतो. अवयव काढणे हा अतिचार असेल तर अंडाशय काढणे कसे चालेल? येथे परिणाम पाहावा लागतो. भाटी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले देते. त्यांतली बहुतेक रस्त्यावर, भुकेने किंवा चाकाखाली मरतात. १९२६ मध्ये अहमदाबादेत एका गिरणीमालकाने ६० भटकी कुत्री मारली तेव्हा गांधीजींनी त्याचा बचाव केला आणि मोठे वादळ उठले. त्यांच्या लेखनाचा रोख असा होता की, जबाबदारी न घेता रस्त्यावर तुकडा टाकणे ही दया नव्हे. त्यांचा मारण्याचा निष्कर्ष पटो वा न पटो, त्या टीकेचे उत्तर नसबंदीने देता येते. भूल देऊन एकदाच केलेला छेद पुढच्या अनेक मृत्यूंना अडवतो. नखे मुळासकट काढण्याला असा कोणताही आधार नाही. त्यात बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते, आणि ते केवळ सोफा वाचावा म्हणून. तो निव्वळ दोष आहे.

शेवटचा प्रश्न मरणाचा. घरातले मांजर १५ वर्षे, कधी त्याहून अधिक जगते आणि म्हातारपणी त्याचे मूत्रपिंड पुष्कळदा निकामी होते. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातल्या असाध्य वेदनेत तळमळणाऱ्या वासराला गांधीजींच्या संमतीने विषाची सुई देण्यात आली. अनेक जैनांनी त्याचा तीव्र निषेध केला, कारण त्यांच्या मते दुसऱ्याचे आयुष्य संपवण्याचा अधिकार दयेलाही नाही. या वादात दोन्ही बाजूंना आदराने ऐकण्यासारखे आहे, आणि कोणत्याही बाजूचे घर असले तरी एक काम समान राहते: मांजर दुखणे लपवते, म्हणून त्याचे खाणे घटले, वजन उतरले, ते कोपऱ्यात बसू लागले की त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे आणि वेदना कमी करणारे औषध त्याच्याच सल्ल्याने द्यावे. घरातले पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नये. मांजराचे यकृत ते निष्प्रभ करू शकत नाही, आणि एक गोळीही त्याचा जीव घेते.