झऱ्याची वाट

जे दुसऱ्याचे आहे ते विकणे ही चोरी. मग जे सर्वांचे आहे ते विकणे, याला काय म्हणावे?

आमच्या मावळात डोंगराच्या कुशीत नवे बंगले झाले. जमीन बिनशेती करून, घरे बांधून विकली, सारे कायदेशीर. जाहिरातीत झरा आणि शांतताही होती. ती कोणाच्या सातबाऱ्यावर होती?

विकणारा माझाच विद्यार्थी. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी आजोबांची झालेली जमीन नातवाने कर्जापायी दिली. त्याला दोष कसा देऊ? खरेदीखतावर साक्षीदार मीच.

आज तो तिथे राखणदार आहे. परवा झऱ्याकडे निघालो, तर फाटकाशी म्हणाला, "गुरुजी, थांबा. साहेबांना विचारून येतो."

जमीन त्याची होती. वाट गावाची होती. मी मात्र एकाच व्यवहारावर सही केली असे समजत होतो.