औषधाने व्रत मोडत नाही

भाद्रपद शुद्ध तृतीयेला, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, महाराष्ट्रात घरोघरी हरतालिकेचा उपास असतो. काही जणी फळं खातात, काही पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि रात्री जागरण. बायपोलर आजारावर लिथियमची गोळी चालू असलेल्या बाईच्या वाट्याला या एका दिवसात दोन धोके येतात. लिथियम हा क्षार आहे आणि मूत्रपिंड त्याला जवळपास सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते सोडियम धरून ठेवतं, आणि सोडियमबरोबर लिथियमही. रक्तातलं लिथियम साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर एवढ्याच पट्ट्यात राहावं लागतं. ते 1.5 च्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. दुसरा धोका जागरणाचा. बायपोलर आजारात झोप मोडणं हे उन्मादाचा झटका सुरू व्हायला पुरेसं कारण ठरू शकतं.

निर्जळी उपासात गोळी गिळायची तर पाणी आलंच. मग एक दिवस गोळी राहिली तर काय बिघडतं, असा विचार घरातली कुणीतरी वडीलधारी बाई बोलून दाखवते. खरं तर या शंकेचं उत्तर शास्त्रात आधीपासून आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर आठ गोष्टी मोजून सांगतो, ज्यांनी व्रत मोडत नाही: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि शेवटी औषध. पाणी आणि औषध दोन्ही एकाच यादीत! हरतालिकेची कहाणी दरवर्षी वाचली जाते, ही यादी मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

उपासाचा प्रश्न असा सुटतो. न सुटणारा प्रश्न उरलेल्या 364 दिवसांचा असतो.

लहान मूल असलेल्या घरात बायपोलरवरच्या गोळ्यांचे दुष्परिणाम कसे दिसतात, ते औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठीवरून कळत नाही. चिठ्ठीत ‘हातांना सूक्ष्म कंप’ असं लिहिलेलं असतं. घरात त्याचा अर्थ असा की पाच महिन्यांच्या बाळाची नखं कापायला आई बसते, इवलंसं बोट आपल्या दोन बोटांत धरते, नेलकटर जवळ नेते आणि तसाच बाजूला ठेवून देते. चिठ्ठीत ‘गुंगी’ असते. म्हणजे क्वेटियापिन किंवा ओलान्झापिन घेऊन झोपलेल्या आईला पहाटे दोनला रडणारं बाळ ऐकूच येत नाही, आणि सकाळी सासूबाई ते सांगतात. सततची तहान, सततची लघवी, वाढलेलं वजन, शब्द वेळेवर न आठवणं, थायरॉइड मंदावणं. लिथियमची पातळी तपासायचं रक्त शेवटच्या डोसनंतर बाराव्या तासाला द्यावं लागतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये हजर राहायचं, नेमकं डबा, दप्तर आणि रिक्षावाल्या काकांचा हॉर्न यांच्या गर्दीत. मुलाला जुलाब-उलट्या झाल्या की दोन दिवसांनी आईलाही होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि पातळी चढते. डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन घेतलं तरी ती चढू शकते.

यातूनच ‘खरी मी कोणती’ हा प्रश्न उभा राहतो, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात असतो त्यापेक्षा इथे तो फार तातडीचा असतो. गोळीआधी मुलांबरोबर रात्री अकराला कागदाचे किल्ले बांधणारी, पाच गोष्टी एकदम सुचणारी ती खरी? की गोळीनंतर एकच गोष्ट सावकाश, मध्येच अडखळत सांगणारी ही खरी?

अमेरिकन कवी रॉबर्ट लोवेल याच्यापुढे हा प्रश्न पश्चात्तापाच्या रूपात आला. तरुणपणी त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला होता. पाप आणि प्रायश्चित्त त्याच्या कवितेत ठासून भरलेलं. वर्षानुवर्षं उन्मादाचे झटके, इस्पितळं, दुखावलेली माणसं. 1967 मध्ये त्याला लिथियम सुरू झालं तेव्हा त्याची मुलगी दहा वर्षांची होती. आपण जे भोगलं आणि इतरांना भोगायला लावलं ते मेंदूत थोडं मीठ कमी पडल्यामुळे असावं हा विचारच भयंकर आहे, अशा आशयाचं तो आपल्या प्रकाशकाजवळ बोलला. लिथियम कुठली उणीव भरून काढतं हे वैद्यकीय दृष्ट्या बरोबर नाही, पण लोवेलची कळ त्याहून खोल होती. पाप केलं असेल तर क्षमा मागता येते, मिठाकडे कुणी क्षमा मागायची?

के रेडफिल्ड जेमिसन यांची गोष्ट वेगळी. त्या मानसोपचारशास्त्राच्या प्राध्यापक, या आजाराच्या नामांकित अभ्यासक आणि स्वतः रुग्णही. 1995 च्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिलं आहे की लिथियममुळे दहा वर्षांहून अधिक काळ त्यांना गंभीर पुस्तक सलग वाचणं जमत नव्हतं. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागे, म्हणून त्या लहान मुलांची पुस्तकं वाचू लागल्या. गोळी सोडायचा मोह त्यांना वारंवार झाला, त्यांनी ती सोडलीही आणि ते जिवावर बेतलं. एका डॉक्टरने त्यांना तुम्ही मूल होऊ देऊ नका असं तोंडावर सांगितलं होतं. पण या आत्मचरित्रातली सर्वांत उपयोगाची घटना कुणाच्या फारशी लक्षात राहत नाही. पुढे डोस कमी केला गेला आणि वाचन परत आलं. इतकी वर्षं मुकाट सोसलेली गोष्ट ही शहाणपणाची किंमत नव्हती, तो चुकीचा डोस होता.

आईपणाच्या बाबतीत आपल्याकडे नेमका इथेच घोळ होतो. गोळ्यांनी त्रास होतोय असं तिने सांगितलं तर दोनच सल्ले मिळतात. एक, ‘पोरांसाठी सहन कर.’ दुसरा, ‘पोरांसाठी बंद कर ती गोळी.’ दोन्ही सल्ल्यांत आई ही स्वतःला जाळून उजेड देणारी कुणी आहे असं धरून चाललेलं असतं. जाळायचं काय, एवढाच फरक.

गीतेत या दोन्ही वृत्तींना नावं आहेत, आणि ती कौतुकाची नाहीत. सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगताना, हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटलं आहे. अठराव्या अध्यायात, शरीराला क्लेश होतील या भीतीने कर्तव्य सोडणं हा राजस त्याग ठरवला आहे, ज्याचं फळ मिळत नाही. पहिलं नाव मुकाट सोसणाऱ्या आईला चपखल बसतं. दुसरं तितकं बसत नाही, आणि ते ओढूनताणून बसवणं अन्यायाचं होईल, कारण गोळी सोडणारी आई बहुधा क्लेशाला भ्यायलेली नसते. तिला रात्री बाळाचं रडणं ऐकू यायला हवं असतं. ती प्रेमापोटी चुकते, आणि म्हणून तिला नुसत्या उपदेशाने परत आणता येत नाही.

चूक किती महाग पडते याचे आकडे आहेत. बायपोलर असलेल्या ज्या स्त्रिया गर्भारपणात औषधाविना राहिल्या, त्यांच्यापैकी 66 टक्के बाळंतपणानंतर पुन्हा आजारी पडल्या. औषध चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 23 टक्के होतं. अनेक अभ्यास एकत्र करून 2016 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पण ‘गोळी कधीच बदलायची नाही’ हाही नियम नव्हे. गर्भारपणात घेतलेल्या व्हॅल्प्रोएट या बायपोलरवरच्याच औषधामुळे सुमारे 10 टक्के बाळांत जन्मजात व्यंगं आणि 30 ते 40 टक्के मुलांत विकासाच्या अडचणी आढळतात, त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो देऊच नये असं आता मानतात. कोणती गोळी, किती आणि कधी, हे नीट विचारणं हाच इथे धर्म.

लिथियमच्या पहिल्या रुग्णाच्या गोष्टीत दोन्ही टोकं आहेत. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथे 1948 मध्ये पन्नाशीतल्या एका माणसाला लिथियम दिलं. पाच वर्षं उन्मादात असलेला तो माणूस काही महिन्यांत घरी गेला. घरी त्याने गोळ्या सोडल्या, आजार उलटला, तो परत इस्पितळात आला. आणि 1950 मध्ये लिथियमच्याच विषबाधेने गेला. तेव्हा रक्तातली पातळी मोजून डोस ठरवायची पद्धत नव्हती. आज ती तालुक्याच्या गावातूनही नमुना पाठवून मोजता येते, त्यामुळे सोसायचं की सोडायचं एवढाच पर्याय आता उरलेला नाही.

या हिशेबात मुलांना काय वाटतं? अभिनेत्री पॅटी ड्यूक हिला हेलन केलरच्या भूमिकेसाठी सोळाव्या वर्षी ऑस्कर मिळालं, पण बायपोलरचं निदान व्हायला 1982 उजाडलं. तेव्हा तिचे दोन मुलगे अकरा आणि नऊ वर्षांचे होते. निदानाआधी घरात झालेला आरडाओरडा, अंथरुणात काढलेले दिवस, काहीच तिने आत्मचरित्रात लपवलं नाही. लिथियम तिने मनापासून घेतलं आणि पुढे जाहीरपणे त्याची बाजू मांडली. मोठा मुलगा शॉन ॲस्टिन पुढे नट झाला, आणि 2016 मध्ये ती गेल्यावर त्याने मानसिक आरोग्याचं काम तिच्या नावाने हाती घेतलं. ‘खरी आई कोणती’ हा प्रश्न मोठ्यांना पडतो. मुलाला पडणारा प्रश्न असा असतो की आज शाळेतून आल्यावर घरी कालचीच आई असेल ना? गोळीने मंदावलेली आई या प्रश्नाला रोज ‘हो’ म्हणू शकते. मंद असणं सुखाचं नाही, आणि ते कमी करायची खटपट चालूच ठेवायला हवी. पण तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

आपला कायदाही हे थोडंफार ओळखतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार दाखल झालेल्या स्त्रीचं तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे तिच्यापासून दूर करता येत नाही. धोका असेल तरच तात्पुरतं, आणि दर पंधरा दिवसांनी फेरविचार करून. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2009 पासून आई-बाळासाठी वेगळा पाच खाटांचा विभाग आहे. त्याच कायद्यात आगाऊ निर्देश लिहून ठेवायची सोय आहे: माझी निर्णयक्षमता गेली तर मला कोणते उपचार द्यावेत, कोणते नकोत. ग्रीक पुराणातल्या ओडिसियसने मोहिनी घालणारं गाणं ऐकण्याआधी स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं, तशी ही आजच्या शहाण्या माणसाने उद्यासाठी बांधलेली दोरी. कुठली गोळी आपल्याला सोसत नाही हेही तिथे लिहिता येतं.

मात्र रोजची दोरी घरच्यांच्याच हातात असते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही असं सांगितलं आहे; बायपोलरच्या उपचारात झोपेच्या ठरल्या वेळांवर आज दिला जाणारा भर याहून वेगळा नाही. तान्ह्या बाळाच्या आईला अशी झोप एकटीला मिळू शकत नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बापाला ‘तुम्ही पडा जरा’ म्हणणारं घर बायपोलरची गोळी घेणाऱ्या आईला ‘अजून उठली नाहीस?’ विचारतं, हा आजाराचा दुष्परिणाम म्हणता येणार नाही.

तेव्हा पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर जो कुणी जाईल, नवरा, आई, सासू किंवा भाऊ, त्याने डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर सांगाव्यात: तिचा हात किती कापतो, आणि रात्री बाळासाठी कोण उठतं. दुसऱ्या प्रश्नाला ‘तीच’ असं उत्तर असेल तर गोळीची वेळ बदलता येईल का हे तिथेच विचारावं, आणि त्या रात्रीपासून निदान दोन वाजताची दुधाची बाटली दुसऱ्या कुणीतरी आपल्याकडे घ्यावी.