किती माणसांचं पाणी?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २२.

आज १ जून. रत्नागिरीला आईची आगोटीची गडबड चालू असेल. कुळीथ-पापड डब्यात, लाकडं पडवीत, कौलं शाकारून झालेली. इथे ह्युस्टनमध्ये आमचीही आगोट आजच सुरू होते. अटलांटिकच्या हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा सहा महिन्यांचा. त्यामुळे दरवर्षी या तारखेला मी जिन्याखालचं कपाट उघडते आणि यादी काढते.

यादी साधीच आहे. माणशी रोज एक गॅलन पाणी, म्हणजे साधारण पावणेचार लिटर. न शिजवता खाता येईल असं खाणं. हाताने चालणारा डबे उघडायचा ओपनर (एका वर्षी तोच विसरले होते, वीज नसताना राजमा नुसता बघत बसलो). टॉर्च, सेल, बॅटरीवरचा रेडिओ. महिन्याभराची औषधं. पासपोर्ट आणि घराची कागदपत्रं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. थोडी रोख रक्कम, कारण वीज गेली की कार्डाचं मशीनही जातं. गाडीत पेट्रोल. फ्रीजर गच्च भरून बंद ठेवला तर आतलं सुमारे ४८ तास टिकतं, खालचा फ्रीज मात्र चारच तास. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या. आणि पुराचा विमा. सरकारी योजनेतला हा विमा एरवी काढल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. खाडीत वादळ दिसल्यावर धावपळ करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आमच्या रविवारच्या सत्संगात एकदा ही यादी ऐकून एक मैत्रीण हसत म्हणाली, "अगं, एवढी तयारी? मग तुझा योगक्षेम तो चालवतो ना? थोडा भरवसा ठेव की!"

ती गमतीने बोलली, पण मला ते लागलं. कारण हाच श्लोक मी लहानपणापासून रोज बघत आले होते. माझे बाबा एलआयसीचे एजंट. आमच्या घरात कॅलेंडर एलआयसीचं, डायरी एलआयसीची, पेनसुद्धा. त्या बोधचिन्हात दोन हात एका ज्योतीला आडोसा देतायत, आणि खाली याच श्लोकातले शब्द आहेत. अनन्य भावाने जे माझं चिंतन करतात त्यांचा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. योग म्हणजे जे नाही ते मिळणं. क्षेम म्हणजे जे आहे ते राखलं जाणं.

बाबांना मी एकदा विचारलं होतं, "देव सगळं बघणार असेल तर पॉलिसी कशाला?" ते म्हणाले, "चित्र नीट बघ. ज्योतीला आडोसा कुणाचा आहे? हातांचा. देवाला हात लागतात, बाळ."

मैत्रिणीला मी हेच उत्तर दिलं. मला अजूनही ते पटतं. वारा येणार हे माहीत असताना हात खिशात घालून बसणं ही श्रद्धा नव्हे, तो आळस आहे. ज्याने बुद्धी दिली त्यानेच हवामानखात्याचा अंदाज वाचायची सोयही दिली. श्रद्धा विरुद्ध तयारी हे भांडण माझ्यापुरतं तिथेच मिटलं.

पण खरा प्रश्न दुसराच होता. तो कळायला २०२४ चा जुलै यावा लागला.

८ जुलैला पहाटे बेरिल वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर मॅटागोर्डाजवळ आलं. प्रतवारी एक, म्हणजे पाचांतली सगळ्यात खालची. २०१७ च्या हार्वेच्या वेळी आमच्या परिसरात काही ठिकाणी चार-पाच दिवसांत चार फुटांहून जास्त पाऊस पडला होता. त्यापुढे हे काहीच नाही, असं आम्ही आदल्या रात्री म्हणत होतो. सकाळपर्यंत झाडं आडवी, तारा तुटलेल्या, आणि ह्युस्टन भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेलेली. वादळ दुपारपर्यंत पुढे सरकलं. मागे राहिला जुलैचा उकाडा.

आमची तयारी चोख होती. तीन माणसं, सात दिवस, म्हणजे २१ गॅलन पाणी. मी २४ आणलं होतं. चार्ज करून ठेवलेली एक मोठी बॅटरी होती, तिच्यावर दोन पंखे आणि फोन चालत होते. लेक पाच वर्षांची, ती पंख्यासमोर झोपली होती. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. खोटं कशाला सांगू?

समोरच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या. दिवाळीला मी त्यांना करंज्या द्यायचे, त्या नाताळात केक आणून द्यायच्या. सोमवारी संध्याकाळी त्या अंगणाकडच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. मी खिडकीतून हात हलवला. त्यांनीही हलवला. हसल्यासुद्धा.

माझ्या मनात आलं होतं की त्यांना बोलवावं. त्याच क्षणी दुसरा विचारही आला: आल्या की राहतील, बॅटरी किती पुरेल, वीज कधी येईल सांगता येत नाही, घरात लहान मूल आहे. प्रत्येक मुद्दा बरोबर होता. मी पडदा ओढला. मंगळवारीही तसंच झालं.

बुधवारी दुपारी त्यांच्या दारात रुग्णवाहिका उभी होती. उन्हाचा त्रास झाला होता. त्या वाचल्या, ही देवाची कृपा; त्या दिवसांत शहरात उकाड्याने माणसं दगावलीसुद्धा. पण त्या घरी परत आल्या नाहीत. मुलाने दुसऱ्या गावी नेलं, घर विकलं. मला त्यांची माफी मागता आली नाही, साधा निरोपही घेता आला नाही.

गुरुवारी वीज आली. मी उरलेलं पाणी मोजलं. १६ गॅलन शिल्लक होतं. बॅटरीही अर्धी भरलेली. तो आकडा मी विसरू शकत नाही.

त्या रात्री मी परत नवव्या अध्यायाचा हा श्लोक उघडला. इतकी वर्षं मी तो "माझा योगक्षेम" असाच वाचत होते. मूळ श्लोकात माझा नाही, तुझा नाही. बहुवचन आहे. "त्यांचा". भगवंत एकेकट्या घराचा हिशेब करतच नाहीत. तो मी केला होता.

कुणी म्हणेल, श्लोक तर भक्तांबद्दल आहे. आजी रविवारी चर्चला जायच्या, त्यांचा यात काय संबंध? मला तेव्हा नाथ महाराज आठवले. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला वाहायची, आणि वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारं गाढव. ते पाणी काही फालतू नव्हतं, संकल्प करून शेकडो कोस खांद्यावरून आणलेलं होतं. नाथांनी गाढवाला त्याचा देव विचारला नाही. पाणी पाजलं, आणि कावड रामेश्वराला पोचली असं मानलं. मराठीत 'वाहणे' म्हणजे ओझं नेणं, आणि 'वाहणे' म्हणजे देवाला अर्पण करणंही. नाथांच्या कावडीत दोन्ही अर्थ एक झाले. माझ्या कपाटातलं पाणी जिन्याखालीच राहिलं.

आता यातला अवघड भाग. लेकीचं पाणी काढून शेजारी वाटावं का? मला तसं वाटत नाही. आईने आपल्या मुलाची काळजी आधी करावी, यात पाप नाही. आणि नाथांची उंची माझ्यात नाही, हेही मला माहीत आहे. पण त्या आठवड्यात माझ्यापुढे असा कठीण पेच नव्हताच मुळी. मी १६ गॅलनवर बसले होते. आपण पुष्कळदा पुढच्या काल्पनिक टंचाईचं कारण सांगून आजचं साधं कर्तव्य टाळतो, आणि त्याला जबाबदारी म्हणतो.

म्हणून माझी यादी बदलली. पाण्याचा हिशेब असतो माणसं गुणिले दिवस. दिवस किती ते हवामानखातं आणि अनुभव सांगतो. माणसं किती, हा आकडा मात्र आपण घालतो. सगळा धर्म त्या पहिल्या आकड्यात आहे. आमच्या घरात तीन माणसं आहेत. गेल्या वर्षीपासून मी पाच लिहिते. ती दोन कोण, ते आधी ठरलेलं नसतं.

जास्तीचं पाणी मी एकदम आणत नाही. एप्रिलपासून दर आठवड्याला थोडं थोडं, म्हणजे ऐन वादळात दुकानातली फळी माझ्यामुळे रिकामी होत नाही. वहीत आमच्या गल्लीचं एक पान आहे: कोण एकटं राहतं, कुणाकडे गाडी नाही, कुणाचं श्वासाचं यंत्र विजेवर चालतं. टेक्सासमध्ये २-१-१ वर फोन करून अशा लोकांचं नाव राज्याच्या नोंदणीत घालता येतं, फुकट. कोपऱ्यावरच्या आजोबांचं नाव आम्ही गेल्या शनिवारी घातलं. तेवढी नोंद म्हणजे मदतीची हमी नाही, म्हणून त्यांच्या घराची एक किल्लीही माझ्याकडे आहे. वीज गेली की पहिल्या तासात दार वाजवायचं, खिडकीतून हात हलवायचा नाही, एवढा नियम मी स्वतःला घातलाय.

तुमच्याकडे हरिकेन येत नसेल. पण मुंबईत २६ जुलै येतो, चिपळूणला पूर येतो, कुठे नुसती लिफ्ट बंद पडते आणि सातव्या मजल्यावर कुणी अडकतं. आज रात्री वाचन झाल्यावर एक कागद घ्या आणि त्यावर फक्त तो पहिला आकडा लिहा. तुमच्या घरात किती माणसं?

पांडुरंगा, माझा योगक्षेम तू वाहतोसच. तुझ्या ओझ्यातलं थोडं माझ्याही खांद्यावर दे.

राम कृष्ण हरी.